वसुलीचा रकाना

१६० गुणिले १५ गुणिले २७.

एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर अप्पांनी हा गुणाकार मांडला होता. १६० म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांतली त्यांची रोजची सरासरी कमाई. १५ म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, नोकरी संपताना द्यायच्या ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यानं ठरवून दिलेला. आणि २७ म्हणजे अक्कलकोट रोडच्या एका चादर कारखान्यात गेलेली वर्षं. उत्तर आलं ६४,८००. अप्पा सातवी शिकलेले. त्यांनी तो गुणाकार तीनदा केला आणि मग मला करायला लावला. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझंही उत्तर तेच आलं, तेव्हा त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पत्रिका देव्हाऱ्यातल्या फोटोमागे सरकवून ठेवली.

ही गोष्ट २००९ ची. पैसे हातात पडले २०१९ मध्ये.

मधल्या दहा वर्षांबद्दल मी आजवर घरात खूप बोलले, कागदावर कधी उतरवलं नाही. मालकाबद्दल मला फारसं लिहायचं नाही. कामगाराचे पैसे ठेवून घेणारा मालक निघणार हे धरूनच तर कायदा केला गेला. कायदा आमच्या बाजूनं होता, पुढे हुकूमही आमच्या बाजूनं झाला. तरी पैसे येईनात. ते नेमके कुठे अडकत होते, हे मला सांगायचं आहे.

सोलापुरात कारखाना बंद पडला तर आता कुणी पेपरात छापत नाही. जुनी मिल गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. आमचं शेड त्या मानानं चिमुकलं. जूनच्या एका सकाळी अप्पा डबा घेऊन गेले आणि तासाभरात डब्यासकट परत आले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या शेडमधला जॉबर म्हणाला, माल उठंना म्हणून बंद केलंय. पुढचे काही महिने अप्पांना रात्री झोप लागायची नाही. मागाची खटखट कानाला नसली की त्यांना जाग यायची.

बारा जण एकत्र आले. युनियनच्या एका कार्यकर्त्यानं सगळ्यांचे अर्ज लिहून दिले आणि वकीलही गाठून दिला. फी हप्त्यानं द्यायची ठरली. मोफत वकिलाचा हक्क अप्पांना होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. राज्यघटनेत १९७६ साली ३९-क हे कलम आलं, विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ मध्ये झाला आणि १९९५ पासून लागू झाला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले लोक आणि कारखान्यातले कामगार यांना त्या कायद्यानं उत्पन्न न बघता वकील मिळतो. त्यासाठीच्या कार्यालयाची पाटी कोर्टाच्या आवारातच असते. त्या पाटीखालून आम्ही कितीदा गेलो असू. ‘विधी सेवा’ या शब्दाचा अर्थ अप्पांना कुणी सांगितला नाही, आणि मला वाटायचं, वकिलांच्या कामाचंच काहीतरी असेल.

सत्तावीस वर्षांचा पुरावा काय? हजेरीपट मालकाकडे, आणि मालक म्हणणार की हे लोक आमच्याकडे नव्हतेच. अप्पांजवळ ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, एक जुनं कार्ड होतं, कडा तुटलेलं. आईनं पगाराच्या चिठ्ठ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून ठेवल्या होत्या. कशासाठी, तर तिच्या सवयीनं. त्या चिठ्ठ्यांनी आमची केस उभी राहिली. कागद टाकू नये ही त्या बरणीची शिकवण माझ्या हाडात बसली. आज मी एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहिते आणि पावती फाडून टाकणारा माणूस दिसला की माझा जीव कळवळतो.

कोर्टाच्या तारखांसाठी मी एक दोनशेपानी वही केली होती. तारीख, काय झालं, पुढची तारीख. ती वही अजून माझ्याकडे आहे. परवा तिचा गोषवारा काढला, जसा खातेवहीचा काढतात तसा. एकूण अडतीस तारखा. त्यातल्या अकरा वेळा आसनच रिकामं होतं. साहेबांची बदली झालेली, नवे आलेले नव्हते, चार्ज दुसऱ्यांकडे. आठ वेळा मालकाला नोटीस बजावली गेलेली नव्हती. पाच वेळा स्टेनो नव्हता. सहा वेळा समोरचे वकील आले नाहीत, एकदा आमचे आले नाहीत, दोनदा कामकाजच बंद होतं. उरल्या पाच तारखा. अर्ज, कैफियत, साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद, सगळं त्या पाच तारखांत झालं.

म्हणजे कामाचे दिवस पाच. मग बाकीचे तेहतीस कुणाच्या खात्यावर टाकायचे? सहा समोरच्या वकिलाचे, एक आमच्या. सुट्टीचे दोन सोडून देऊ. राहिले चोवीस. रिकामी खुर्ची, न पोचलेली नोटीस, नसलेला स्टेनो. हे चोवीस दिवस सरळ सरळ सरकारनं न भरलेल्या जागांचे आणि न केलेल्या खर्चाचे आहेत. अशा प्रत्येक दिवशी अप्पांचा रोज बुडायचा. तोवर ते दुसऱ्या शेडमध्ये रात्रपाळीला लागले होते. सकाळी सुटले की तोंडावर पाणी मारून थेट कोर्टात यायचे आणि बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. पुकारा झाला की मी त्यांना हलवून उठवायची. उठायचे, हात जोडायचे, आणि शिपाई पुढची तारीख सांगायचा.

मी चिडले होते सगळ्यात जास्त बेलिफावर. नोटीस घेऊन जायला तुम्हाला झालंय तरी काय, असं विचारायचं ठरवून एकदा चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलंच. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एप्रिलचं ऊन. त्यांनी काही न बोलता खांद्यावरची पिशवी उघडून दाखवली. आत नोटिसांचा गठ्ठा, रबर लावलेला. “ह्या आजच्या, ताई. गाडी माझी, पेट्रोल आधी माझं. भत्ता मिळतो तेव्हा मिळतो. तुमचा मालक त्या पत्त्यावर ऱ्हात नाही की ओ. मी तीनदा गेलो. चौथ्यांदा जाईन, पण ह्यातल्या बाकीच्यांचं काय करू सांगा.” त्यांनी मला चहा पाजला. त्या दिवसापासून बेलिफाला बोल लावणं मी सोडलं.

साक्षीच्या दिवसाचं एक लिहिलंच पाहिजे. अप्पांच्या बाजूनं साक्ष द्यायला मामा आले होते. मामा म्हणजे अप्पांच्या शेजारच्या मागावरचे विणकर, पूर्व भागात राहणारे, घरी तेलुगू बोलणारे. त्यांचं मराठी बाजारापुरतं आणि मागापुरतं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, अमुक साली तुम्ही त्या आस्थापनेत कार्यरत होतात हे दर्शवणारा दस्तऐवज आपल्यापाशी आहे काय? मामा गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. त्यांना ‘आस्थापना’ कळलं नव्हतं, ‘दस्तऐवज’ही नाही. दुभाषी नव्हता. शेवटी न्यायाधीशांनीच पेन खाली ठेवून विचारलं, “मामा, तुम्ही ह्यांच्यासोबत माग चालवला का? किती वर्षं?” मामांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवली आणि पुढे म्हणाले, “माझा धोटा तुटला की हे देत होते. त्यांचा तुटला की मी.” टाइप करणाऱ्या बाईंनी काय टाइप करू म्हणून वर पाहिलं. सोलापूरसारख्या मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या गावात दुभाष्याची जागा ही काही चैन नाही. त्या दिवशी एका भल्या न्यायाधीशानं ती उणीव भरून काढली. दर वेळी असं माणूस भेटेलच, यावर व्यवस्था चालवायची नसते.

२०१४ च्या पावसाळ्यात हुकूम झाला. ६४,८०० रुपये आणि देय तारखेपासून दरसाल १० टक्के सरळ व्याज. अप्पांनी पावशेर पेढे आणले. वाड्यात वाटले, मामांच्या घरी दोन जास्तीचे पाठवले. मला वाटलं, संपलं.

१८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं एका निकालात म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यानंतर सुरू होतात. मला हे खूप नंतर वाचायला मिळालं. वाचलं तेव्हा पेढ्यांचा तो पुडा आठवला. दीडशे वर्षांनीही तेच. दिवाणी दाव्यात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याला आपल्याकडे दरखास्त म्हणतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या उच्च न्यायालयांकडून पडून राहिलेल्या दरखास्तींचा आकडा मागवला, तेव्हा तो ८ लाख ८२ हजारांच्या वर निघाला. त्यात सगळ्यांत मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतला, तीन लाखांहून जास्त. म्हणजे जिंकलेले लोक. हरलेले नव्हेत. जिंकून दारात उभे असलेले.

ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याची वाट थोडी वेगळी होती. मालकानं हुकूम मानला नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली दाखला निघायचा आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असायची. कागदावर ही फार जबरदस्त तरतूद होती. सरकार स्वतःचा पैसा ज्या हातानं वसूल करतं, तोच हात या तरतुदीनं गरिबाला दिला होता: मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, मग स्थावर. अप्पांचा आणि आणखी चौघांचा दाखला २०१५ मध्ये निघाला. एका महसुली कार्यालयात तो पोचला, आवक नोंदवहीत चढला आणि तिथेच बसला.

मी महिन्यातून एकदा जायची. तोवर माझी नोकरी लागली होती, अर्धी रजा टाकून जायची. कधी टेबलावरचे कारकून रजेवर, कधी निवडणुकीच्या कामावर, कधी पीक पंचनाम्यांवर, कधी फाइल वर गेलेली, कधी फाइल खाली आलेली. त्या लोकांना कामं नव्हती असं मी म्हणणार नाही. एकेका माणसाच्या अंगावर तिघांची कामं होती, हे दिसत होतं. एकदा मार्चमध्ये गेले. सगळं कार्यालय धावपळीत. मी टेबलाशी उभी राहिले तर कारकून वर न बघता म्हणाले, “ताई, मार्चअखेर आहे. एप्रिलात या.” मी म्हटलं, मार्चअखेरीला तर वसुली जोरात असते ना? तेव्हा त्यांनी समोरचा मोठा तक्ता माझ्याकडे फिरवला. जमीन महसूल, गौण खनिज, करमणूक कर, प्रत्येकाला इष्टांक, झालेली वसुली, टक्केवारी. “हे बघा. साहेब दर आठवड्याला हे विचारतात. साहेबांना त्यांचे साहेब विचारतात. तुमच्या दाखल्याला ह्यात रकाना कुठाय?”

हे त्यांनी हेटाळणीनं म्हटलं नव्हतं. खरोखर बोट ठेवून दाखवलं होतं. त्या वाक्यानं माझ्या डोक्यात लख्ख पडलं. जे विचारलं जातं ते होतं. ज्याला रकाना नाही ते विचारलं जात नाही.

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कितीतरी वर्षं असंच चालू आहे. उजनी धरण पाण्यानं तुडुंब असलं तरी आमच्या पिंपाला त्याचं काही नसतं. पण पाण्याच्या बाबतीत आम्हाला सगळं ठाऊक असतं. चावीवाला कोण, तो कुठल्या वेळेला येतो, कुठली टाकी भरली, कुठे जलवाहिनी फुटली, नगरसेवक काय म्हणाला. पाणी एक दिवस लांबलं की बायका घागरी घेऊन रस्त्यावर येतात, पेपरात फोटो येतो, महापालिकेला उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटत नाही हे खरं, पण द्यावं तरी लागतं. न्यायाच्या बाबतीत मात्र चावी कुणाच्या हातात आहे हेच आपल्याला माहीत नसतं. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटवर मी रस्त्यासाठी, पगारासाठी, घरकुलासाठी, दाखल्यासाठी उपोषणाला बसलेले लोक पाहिलेत. आमच्या गावात बेलीफ वाढवा, दुभाषी नेमा, हुकुमांची वसुली करा म्हणून तिथे मांडव पडलेला मी पाहिलेला नाही. जिल्हा नियोजनाच्या बैठकीच्या बातम्या मी मन लावून वाचते. शाळाखोल्या, आरोग्य केंद्रं, रोहित्रं, रस्ते यांवर खडाजंगी होते. कामगारांचे किती वसुली दाखले पडून आहेत, हा प्रश्न त्या बातम्यांत मला एकदाही दिसला नाही.

याच कार्यालयांकडून मला चांगला अनुभवही आला आहे, तो लपवायचं कारण नाही. लेकीच्या शाळेसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, तो ठरल्या मुदतीत आला, मोबाइलवर संदेशासकट. कारण २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. अधिसूचित सेवेला मुदत, मुदत चुकली तर अपील, आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. दंड मोठा नाही, पण नावावर बसतो. वसुली दाखल्याची अंमलबजावणी त्या सेवांच्या यादीत आहे का, म्हणून मी यादी वरपासून खालपर्यंत चाळली. मला सापडली नाही. उत्पन्न किती आहे याचा दाखला मुदतीत मिळतो. बुडालेलं उत्पन्न परत मिळायला मुदत नाही.

कोर्टात किंवा त्या कार्यालयात जाताना वाटेत चार हुतात्म्यांचे पुतळे लागायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. शाळेत असताना आम्ही दर १२ जानेवारीला तिथे फुलं वाहायला जायचो. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी झाली. अटक, खटला, शिक्षा, अपील, सगळं आठ महिन्यांत. तो अन्याय होता, आणि असली घाई कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण रिक्षातून त्या पुतळ्यांकडे बघताना माझ्या मनात दर वेळी एकच यायचं. सरकारच्या मनात असलं की कागद किती वेगानं फिरतो, हे या शहराइतकं कुणाला माहीत आहे? त्या चौघांनी ज्या सरकारसाठी जीव दिला, ते आपलं सरकार आता आलेलं आहे. त्याच्याकडून आम्ही सूड मागत नाही, शिक्षा मागत नाही. ६४,८०० रुपये मागतो, तेही त्यानंच मंजूर केलेले.

२०१९ च्या उन्हाळ्यात त्या कार्यालयात एक तरुण नायब तहसीलदार आले. मी नेहमीसारखी गेले, नेहमीसारखा अर्ज दिला. त्यांनी फाइल मागवली. फाइल येईपर्यंत मला बसा म्हणाले. इतक्या वर्षांत मला तिथे बसा कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पाचही दाखले वाचले, तारखा बघितल्या, आणि विचारलं, “ह्या माणसाचं आता काय आहे?” मला पाठच होतं. मालकाच्या स्वतःच्या नावावर टॉवेलचं एक गोदाम होतं, पत्ता मी चार अर्जांत लिहिला होता.

पुढच्याच आठवड्यात ते गेले. सोबत तलाठी, कोतवाल, दोन पंच. अप्पा आणि मी रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली उभे होतो. गोदामात टर्किश टॉवेलच्या गाठी होत्या, निळ्या आणि गुलाबी. तलाठ्यांनी गाठी मोजून पंचनामा लिहिला. दाराला कुलूप घातलं, कुलपावर कापडाची पट्टी गुंडाळली आणि मेणबत्तीवर लाख वितळवून तिचे थेंब पट्टीवर पाडले. उन्हानं लाख लवकर सुकेना. कोतवाल पुठ्ठ्यानं वारा घालत बसला. मग शिक्का उठला. अकराला सुरू झालेलं काम एकच्या आत आटोपलं. अप्पा एकटक त्या लाल ठिपक्याकडे बघत होते. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, “थांब जरा.”

नवव्या दिवशी मालक डिमांड ड्राफ्ट घेऊन आला. मुद्दल ६४,८०० आणि दहा वर्षांचं व्याज ६४,८००. एकूण १,२९,६००. व्याज मुद्दलाइतकं होईपर्यंत आम्ही थांबलो होतो, हे हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारखीला त्या ड्राफ्टवरच वाचता आलं. पाचही जणांना मिळाले. अप्पांनी त्यातून आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं आणि उरलेले पोस्टात ठेवले.

लोक म्हणतात, नशीब तुमचं, चांगला अधिकारी भेटला. मला हे पटत नाही. एक सकाळ, एक जीप, पाच माणसं आणि लाखेची एक कांडी, एवढ्यानं जे होणार होतं त्याला चार वर्षं का लागावीत? अधिकारी चांगला भेटणं याला मी कारभार म्हणणार नाही. ते साहेब वर्षभरात बदलून गेले आणि कार्यालय पुन्हा पहिल्यासारखं झालं, यातच सगळं आलं.

पैसे मिळाल्यावर खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण हिशेबाची सवय. राज्याचा अर्थसंकल्प वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतो, कुणालाही बघता येतो. त्यात प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे खात्याचा एक क्रमांक, असतं. पोलीस २०५५, जमीन महसूल २०२९. कोर्टांचा खर्च २०१४ या शीर्षाखाली येतो आणि त्याचं नाव आहे ‘न्यायदान’. या शब्दाशी मी बराच वेळ अडखळले. दान कसलं? आम्ही कोर्ट फीचे स्टॅम्प लावले, काडेपेटीपासून साबणापर्यंत सगळ्यावर कर भरला. हे आमचंच आमच्याकडे यायचं आहे.

विधी आयोगानं १९८७ मध्ये सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे तेव्हा साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच वर्षांत पन्नास करा असा आदेश दिला. ती पाच वर्षं २००७ मध्ये संपली. राज्यांच्या न्यायव्यवस्थेला क्रमांक देणाऱ्या २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये प्रत्यक्ष कामावर असलेल्या न्यायाधीशांचं प्रमाण दहा लाखांमागे सुमारे पंधरा आहे. मोफत विधी साहाय्यावर देशात माणशी वर्षाला होणारा खर्च त्यात सहा रुपयांच्या आसपास दिलाय. कोर्टासमोरच्या टपरीवर अर्धा चहासुद्धा त्यात येत नाही. याच अहवालांच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत मोठ्या राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता, पुढे पहिला क्रमांक कर्नाटकाकडे गेला. आपण पहिले आलो त्याच्या आधीची दहा वर्षं अप्पांनी वाट बघण्यात काढली होती, म्हणून त्या क्रमांकाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. २०२२ च्या अहवालात मात्र एक ओळ होती, ती मी वहीत उतरवून घेतली. दिल्ली आणि चंदीगड सोडले तर एकही राज्य आपल्या एकूण वार्षिक खर्चाच्या एक टक्क्याहून जास्त न्यायव्यवस्थेवर खर्च करत नाही.

शंभरातला एक रुपयाही नाही. त्यातच न्यायाधीशांचे पगार, इमारती, स्टेनो, बेलीफ, वीज, कागद सगळं आलं. बेलिफाच्या पेट्रोलपर्यंत त्यातलं किती पोचणार?

मागितलं तर मिळतं, याचाही दाखला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ पश्चिम महाराष्ट्राला मिळावं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी कितीतरी वर्षं आंदोलन केलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सोलापूर त्यात आहे. आमच्या वेळी मालक ‘मुंबईला हायकोर्टात जाईन’ एवढंच म्हणायचा आणि अप्पांच्या पोटात गोळा यायचा. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, मुंबईचा वकील, राहणं, खाणं. आता ते अंतर कमी झालं. घर घेऊन फसलेल्यांसाठी महारेरा या गृहप्रकल्प नियामकानं काढलेल्या वसुलीसाठीही मुंबई उपनगर आणि पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत निवृत्त महसूल अधिकारी खास नेमले गेले. ते ओरडले, त्यांना माणूस मिळाला, बरंच झालं. मग चादर विणणाऱ्यांसाठी एक माणूस का मिळू नये?

बारातले सात अजून राहिलेत. त्यांचे हुकूम उशिरा झाले, दाखले २०२० मध्ये निघाले, तोवर ते साहेब गेले होते, आणि मालकाचं गोदामही रिकामं झालं होतं. त्या सातांत मामा होते. आपल्या साक्षीनं अप्पांना पैसे मिळवून देणारे मामा स्वतःचे पैसे न बघता २०२१ मध्ये गेले.

२०२३ मध्ये मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, चार साधे प्रश्न: किती वसुली दाखले प्रलंबित आहेत, किती रकमेचे, कधीपासून, आणि ते कोणाकडे सोपवलेत. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ म्हणजे आपल्याकडे किती कामगारांचा पैसा पडून आहे, हे त्या कार्यालयालाच माहीत नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्याच्या हातात दुसरी पायरीच नाही, त्यानं काय करावं हे म्हणणाऱ्यांनी सांगितलेलं नाही. मी अपील केलं. अभिलेख पाहायची परवानगी मिळाली. एका खोलीत रुमालात बांधलेली दप्तरं रचलेली होती. तीन तास शोधल्यावर मामांची फाइल मिळाली. शेवटच्या पानावर २०२० ची टिपणी होती: ‘अहवालासाठी तलाठी यांच्याकडे.’ खाली सही. त्यानंतरची सगळी पानं कोरी.

मागच्या रविवारी अक्काकडे, म्हणजे मामांच्या बायकोकडे गेले. वारस म्हणून तिचं नाव लावून घ्यायचा अर्ज करायचा होता. ती दारात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. मी अर्ज वाचून दाखवत होते, ती ऐकत होती आणि बोटं चालूच होती. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. मालकाची शोरूम आता मुलाच्या नावावर आहे, तरी घर अजून मालकाच्याच नावावर आहे, तो सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा मी जोडलाय, असं सगळं मी तिला सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर ती “बरं” म्हणत होती.

मी पेन पुढे केलं. तिनं हात पदराला पुसले, पण तंबाखूचा डाग कागदावर लागेल म्हणून पुन्हा उठून मोरीवर धुऊन आली. खाली बसून तिनं गुडघ्यावर पाटी घेतली, पाटीवर अर्ज ठेवला आणि अक्षर अक्षर जोडत तेलुगूत सही केली. गोल गोल, ठसठशीत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हे चालतं ना त्यांना?”

“चालतं,” मी म्हटलं. “उद्या दहा वाजता तयार रहा. मी येते घ्यायला.”